खाचरातल्या बुडबुड्याचा हिशेब

“भातशेतीमुळे म्हणे पृथ्वी तापते. हे खरं का?”

हा प्रश्न मुंबई-पुण्यात विचारला गेला तर तो माहितीपुरता असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरीत तो जिव्हारी लागतो. इथे मृगाच्या आधी धूळवाफेवर भात पेरायचं नाही तर जुलैच्या धो-धो पावसात रोपलागण करायची, दिवाळीच्या आगेमागे कापणी-मळणी उरकायची, पिंजर गोठ्यावर रचायचं, ते म्हशीला घालायचं आणि सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालायचं, असा वर्षाचा गाडा चालतो. तापमानवाढीच्या बातम्यांत नेमकी भाताची आणि म्हशीची नावं येतात. म्हणजे घरातली दोन्ही कमावती माणसं एकाच वेळी आरोपीच्या पिंजऱ्यात.

या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर असं: आरोप खरा आहे, पण तो निम्म्याच गोष्टीवर बेतलेला आहे. चिखलात मिथेन नावाचा वायू तयार होतो आणि त्याच चिखलात तो खाल्लाही जातो. करणारे वेगळे, खाणारे वेगळे. दोघेही डोळ्यांना न दिसणारे. आकाशात जातं ते या दोघांच्या व्यवहारातून उरलेलं. हे प्रकरण त्या व्यवहाराबद्दल आहे.

१. बुडबुडा कशाचा?

भरलेल्या खाचरात पाय टाकला की टाचेखालून बुडबुडे वर येतात. १७७६ साली इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने अशाच बुडबुड्यांचा पिच्छा पुरवला. विजेचं ‘व्होल्ट’ हे माप पुढे ज्याच्या नावावरून पडलं, तोच हा. माज्जोरे सरोवराच्या काठची दलदल त्याने काठीने ढवळली, पाण्याने भरलेल्या उपड्या बाटलीत बुडबुडे धरले आणि त्यांना ज्योत दाखवली. वायू निळसर ज्योतीने जळाला.

तो मिथेन होता. एक कार्बन आणि चार हायड्रोजन, इतकीच त्याची घडण. त्याला रंग नाही आणि वासही नाही. चिखलाला येणारा कुजका वास गंधकाच्या वायूंचा असतो, त्याचं खापर मिथेनवर फोडू नये. रिक्षात भरतात त्या सीएनजीत मुख्यतः हाच वायू असतो.

जळला तर उपयोगी पडणारा हा वायू न जळता हवेत गेला तर उष्णता अडवून धरतो. तो हवेत टिकतो जेमतेम दहा-बारा वर्षं, पण वीस वर्षांचा हिशेब मांडला तर एक किलो मिथेन सुमारे ८० किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो. औद्योगिक युगाआधी हवेच्या दहा लाख भागांत मिथेनचे सुमारे ०.७ भाग होते. आज ते १.९ च्या पुढे गेले आहेत. जगभरातून दरवर्षी साधारण ६० कोटी टन मिथेन हवेत जातो. त्यातला सुमारे ६० टक्के माणसाच्या उद्योगांतून येतो: कोळशाच्या खाणी, तेलाच्या विहिरी, गुरं, कचरा, भात. यात भाताचा वाटा आहे ३ कोटी टनांच्या आसपास.

२. शेवटच्या पंगतीला बसणारे

मातीत पालापाचोळा, मेलेली मुळं, शेण असं काही पडलं की जिवाणू त्यावर तुटून पडतात. खाण्यातून ऊर्जा काढायची तर अन्नातले इलेक्ट्रॉन शेवटी कुणीतरी स्वीकारावे लागतात. आपल्या शरीरात ते ऑक्सिजन स्वीकारतो; म्हणून तर श्वास घ्यावा लागतो. खाचरात पाणी भरलं की हवेचा मार्ग बंद होतो, मातीतला उरलासुरला ऑक्सिजन एक-दोन दिवसांत संपतो आणि इतरांची पाळी येते.

गावजेवणात पंगती उठाव्यात तसं पुढे घडतं. पहिली पंगत ऑक्सिजनवाल्यांची. त्यांच्या वाट्याला सगळ्यात जास्त ऊर्जा. ते उठले की नायट्रेटवर भागवणारे बसतात, मग मँगेनीजवाले, मग लोहवाले, त्यानंतर सल्फेटवाले. प्रत्येक पंगतीला ऊर्जा आधीच्यापेक्षा कमी मिळते. सगळे उठून गेल्यावर शेवटच्या पंगतीला मिथेनकर्ते बसतात. त्यांच्यासाठी उरलेलं असतं ते दुसऱ्यांनी टाकलेलं: थोडा हायड्रोजन, थोडा कार्बन डायऑक्साइड, थोडं व्हिनेगरचं आम्ल. तेवढ्यावर ते जगतात आणि मिथेन सोडतात. आधीची पंगत जितकी लांबेल तितका त्यांना उशीर.

राधानगरीच्या डोंगराळ भागातल्या जांभ्याच्या तांबड्या मातीचं महत्त्व इथे कळतं. तिचा तांबडेपणा म्हणजे गंजलेलं लोह. अशा मातीत लोहवाल्यांची पंगत लांबते आणि पाणी भरल्यावर मिथेन सुरू व्हायला जास्त दिवस लागतात. दुसरी गोष्ट अधिक कामाची आहे. खाचर चार-सहा दिवस सुकलं की हवा आत शिरते आणि वापरलं गेलेलं लोह पुन्हा गंजतं. मग पाणी परत भरलं तरी लोहवाल्यांना पुन्हा पोटभर मिळतं आणि मिथेनकर्ते ताटकळत राहतात. थोडे दिवस पाणी सोडल्याचा परिणाम पुढे बरेच दिवस टिकतो, तो यामुळे.

मिथेन करणारे हे जीव जिवाणूही नाहीत. १९७७ साली कार्ल वोस आणि जॉर्ज फॉक्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी त्यांच्या पेशींतल्या आरएनएची तुलना केली तेव्हा ते जिवाणूंपासून फार दूरचे निघाले. जीवसृष्टीची तिसरी मोठी शाखाच हाती लागली. तिला आर्किया म्हणतात. या शाखेतल्या दुसऱ्या एका घराण्याची करामत महाराष्ट्राने पाहिलेली आहे. जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा तो रंग खारट पाण्यात वाढणाऱ्या आर्कियांचा असल्याचं दिसलं. त्याच लोणारच्या गाळातून पुण्यातल्या संशोधकांनी त्याआधीच, २००७ च्या सुमारास, मिथेन करणारे आर्किया प्रयोगशाळेत वाढवून वेगळे केले होते.

मिथेन करणाऱ्या या जिवांना ऑक्सिजन सोसत नाही. म्हणून जिथे हवा पोहोचत नाही तिथे ते सापडतात: धरणाच्या तळचा गाळ, उकिरड्याचा आतला थर, गोबरगॅसची टाकी आणि रवंथ करणाऱ्या जनावराचं पोट. राधानगरीचं धरण शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलं आणि ते पूर्ण झालं स्वातंत्र्यानंतर. अशा कुठल्याही मोठ्या जलाशयाच्या तळाशी दर पावसाळ्यात पाचोळा आणि गाळ येऊन बसतो. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तळावरचा दाब कमी होतो आणि गाळात अडकलेले बुडबुडे सुटतात.

३. म्हैस आणि गवा

म्हशीच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे रुमेन. त्यात शंभर लिटर किंवा त्याहूनही जास्त ऐवज मावतो. पिंजर, उसाचं वाढं, गवत हे तिच्या स्वतःच्या पाचकरसांनी पचत नाही. रुमेनमधले जिवाणू, बुरशी आणि इतर सूक्ष्मजीव ते फोडतात. त्यात हायड्रोजन सुटतो. तो साचला तर पचनच थांबेल. मिथेनकर्ते तो उचलतात आणि मिथेन करतात. म्हणजे म्हशीच्या दृष्टीने ते उपकारकर्तेच. हा मिथेन बहुतांश तोंडावाटे, ढेकरांतून बाहेर पडतो. मागून जातो तो अगदी थोडा, जरी चर्चा त्याचीच होत असली तरी.

एक मोठी म्हैस वर्षाला साधारण ५० ते ८० किलो मिथेन सोडते. तिने खाल्लेल्या वैरणीतली सरासरी सहा टक्के ऊर्जा अशी वाऱ्यावर जाते. दुधाच्या हिशेबाने पाहिलं तर हे शेतकऱ्याचंच नुकसान आहे. म्हणून बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण व शरीरक्रियाशास्त्र संस्थेने ‘हरित धारा’ नावाचं खाद्यपूरक तयार केलं. टॅनिन असलेल्या वनस्पतींपासून केलेल्या या पूरकाने मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असं संस्था सांगते. राधानगरीजवळच्या दाजीपूरच्या जंगलातला गवाही रवंथ करणारा आहे आणि त्याच्याही पोटात हीच मंडळी आहेत. गव्यांनी मिथेन सोडला म्हणून कुणी त्यांना बोल लावत नाही, कारण गवे मोजके आहेत. प्रश्न संख्येचा आहे.

४. खाणारे

आता हिशेबाची दुसरी बाजू. बातम्यांत ती जवळजवळ येतच नाही.

सप्टेंबरात भाताचा एक चूड मुळासकट उपटावा आणि वाहत्या पाटात हलक्या हाताने धुवावा. चिखल निघून जातो. मुळांची कोवळी टोकं पांढरी दिसतात, पण मागचा भाग विटकरी-तांबूस असतो. बोटाने चोळला तरी हा रंग सहज जात नाही. हा मुळांवर चढलेला गंज आहे. भोवतीच्या काळ्या चिखलात ऑक्सिजनचा टिपूस नसताना मुळावर गंज चढतो, याचा अर्थ मुळातूनच ऑक्सिजन बाहेर झिरपतोय. भाताच्या खोडात आणि मुळात पोकळ नळ्या असतात. पानांकडून त्यांतून हवा खाली येते आणि मुळं पाण्यात कुजत नाहीत.

त्याच नळ्यांतून चिखलातला मिथेन वर जातो. खाचरातून हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी सुमारे ९० टक्के रोपाच्या नळ्यांतूनच जातो. आपल्याला दिसतात ते बुडबुडे किरकोळच. पण नळीत शिरण्याआधी त्याला मुळाभोवतीचा तो तांबूस पट्टा ओलांडावा लागतो. तिथे मिथेनही आहे आणि ऑक्सिजनही. मिथेन खाणारे जिवाणू तिथे ठाण मांडून असतात. पाण्याच्या तळाशी मातीचा वरचा काही मिलिमीटरचा थर असतो, त्यातही त्यांची वस्ती असते.

मिथेन मोडणं ही साधी गोष्ट नाही. कार्बन आणि हायड्रोजन यांची त्यातली पकड इतकी घट्ट असते की कारखान्यात ती सोडवायला शेकडो अंशांची उष्णता लागते. हे जिवाणू तेच काम शेतातल्या तापमानाला करतात. त्यांच्याकडे एक विकर असतं, आणि बहुतेकांच्या विकराला तांबं लागतं. मिथेनचं आधी मिथेनॉल होतं, मग फॉर्माल्डिहाइड. त्यातला काही कार्बन जिवाणूच्या अंगी लागतो, उरलेला कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. हाही तापवणाराच वायू आहे, पण मिथेनच्या मानाने फारच सौम्य. शिवाय हा कार्बन मुळात भातानेच हवेतून घेतलेला असतो.

मिथेनवर जगणारा पहिला जिवाणू नेदरलँड्सच्या सोंगेन याने १९०६ साली वेगळा केला. भारतातल्या भातशेतीतले असे जिवाणू मात्र बराच काळ कुणी वाढवलेले नव्हते, आणि परदेशी प्रयोगशाळांतल्या वाणांवरून इथल्या खाचरांबद्दल अंदाज बांधले जात होते. ती उणीव भरून काढायचं काम पुण्यात झालं. आघारकर संशोधन संस्थेत डॉ. मोनाली रहाळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात पश्चिम महाराष्ट्रातली भातखाचरं आणि पाणथळ जागा यांतून मिथेनभक्षक जिवाणू वेगळे करून त्यांचा संग्रह केला. ही संस्था १९४६ साली महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झाली आणि वनस्पतिशास्त्रज्ञ शं. पु. आघारकर यांनी ती उभी केली. मिथेन करणाऱ्या जिवांवर तिथे आधीपासून, डॉ. दिलीप रानडे यांच्या काळापासून, काम सुरू होतं. म्हणजे या व्यवहारातल्या दोन्ही बाजूंची माणसं, करणाऱ्यांचे जाणकार आणि खाणाऱ्यांचे जाणकार, एकाच आवारात घडली.

असा जिवाणू धरायचा कसा? काचेच्या बाटलीत क्षारांचं पातळ पाणी घ्यायचं. त्यात साखर नाही, मांसरस नाही, खाण्याजोगं काहीच नाही. त्यात भाताच्या मुळाजवळची चिमूटभर माती टाकायची, रबरी बुचाने तोंड बंद करायचं आणि सुईने मिथेन आत सोडायचा. अन्न म्हणून एवढंच. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पाणी गढुळतं. कुणीतरी मिथेन खाऊन वाढलंय हे कळतं. खरी चिकाटी त्यानंतर लागते. मिथेनभक्षकांनी सांडलेल्या मिथेनॉलवर जगणारे उपरे जिवाणू सोबत वाढलेले असतात आणि ते वेगाने वाढतात. म्हणून ते पाणी दहापट पातळ करायचं, पुन्हा दहापट, पुन्हा दहापट, आणि शेवटच्या ज्या बाटलीत वाढ दिसेल तिच्यापासून परत सुरुवात करायची. शुद्ध वाण हाती यायला महिने जातात.

या खटाटोपातून एक अगदी नवा जिवाणू सापडला. इतका वेगळा, की त्याच्यासाठी नवी प्रजातीच नव्हे तर नवं कुळनामही करावं लागलं: मिथायलोक्युक्युमिस ओरायझी. भाताच्या शेतातला, काकडीच्या आकाराचा, मिथेन खाणारा. तो ३ ते ६ मायक्रोमीटर लांबीचा असतो. बहुतेक जिवाणू एक-दोन मायक्रोमीटरचे असतात, म्हणजे त्यांच्यात हा दांडगाच. ३७ अंश सेल्सिअसच्या वर तो वाढत नाही. पुढे पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या दगडखाणीत साठलेल्या पाण्यातही तो आढळला. शहराच्या मधोमध, लोक सकाळी फिरायला जातात त्या टेकडीवर.

पाणथळ नसलेल्या जमिनीतही मिथेनभक्षक असतात आणि त्यांची कामगिरी आणखी अचाट आहे. जंगलातली कोरडी, भुसभुशीत माती हवेतला मिथेन थेट शोषते. दहा लाखांत दोन भागसुद्धा नाहीत, इतक्या विरळ अन्नावर ते जिवाणू तगून राहतात. जगातल्या सगळ्या कोरड्या जमिनी मिळून वर्षाला ३ कोटी टनांच्या आसपास मिथेन खातात. जगभरच्या भातातून जवळपास तेवढाच बाहेर पडतो. वाळवीही पोटातल्या सूक्ष्मजीवांमुळे मिथेन सोडते. पण ऑस्ट्रेलियात वारुळांची मोजणी केली तेव्हा त्यातला सरासरी निम्मा मिथेन वारुळाच्या मातीतले आणि खालच्या जमिनीतले जिवाणू वाटेतच खाऊन टाकतात, असं दिसलं. जंगल तोडून माती उघडी पडली, तुडवून घट्ट झाली, की हवा आत जाणं कमी होतं आणि जमिनीची ही भूक मंदावते. दाजीपूरच्या जंगलाचं मोल सांगताना गवे आणि पक्षी मोजले जातात. मातीचं हे काम त्या यादीत यायला हवं.

५. मोजायचं कसं?

शेतातला मिथेन मोजायची पद्धत दिसायला सोपी आहे. तळ नसलेली पारदर्शक पेटी रोपांवर पालथी घालायची आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी आतली हवा सिरिंजने ओढून प्रयोगशाळेत तपासायची.

एक उदाहरण करून पाहू. पेटी एक मीटर उंच आहे. सुरुवातीला आत दहा लाखांत २ भाग मिथेन होता, अर्ध्या तासाने ६ भाग झाला. वाढ ४ भागांची. एका घनमीटर हवेत ४ भाग म्हणजे सुमारे २.६ मिलिग्रॅम. अर्ध्या तासात एवढा, म्हणजे तासाला दर चौरस मीटरमागे ५.२ मिलिग्रॅम. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तर एका गुंठ्यातून दिवसाला साडेबारा ग्रॅम, एकरातून अर्धा किलो. शंभर दिवस खाचर असंच तुडुंब राहिलं तर एकरी ५० किलो. म्हणजे एका म्हशीच्या वर्षभराच्या ढेकरांइतका.

पण हा आकडा तुडुंब खाचराचा आहे, आणि सगळी खाचरं तुडुंब नसतात. हे विसरल्यामुळे एकदा देशावर मोठा आळ आला होता. १९९० च्या सुमारास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजात भारतातल्या भातशेतीच्या नावावर वर्षाला ३ कोटी ७८ लाख टन मिथेन मांडला गेला. तो परदेशातल्या शेतांवरच्या मोजमापांवरून काढलेला होता. १९९१ साली नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या पुढाकाराने, ए. पी. मित्रा यांच्या नेतृत्वाखाली, देशाच्या निरनिराळ्या भातपट्ट्यांत पेट्या लावून प्रत्यक्ष मोजणी झाली. आकडा निघाला सुमारे ४० लाख टन. नऊ-दहा पटींचा फरक! भारतातला बराच भात पावसावरचा, उताराचा, मधूनमधून सुकणारा, आणि त्या चिखलात कुजायला सेंद्रिय माल कमी. त्याच वर्षी अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी लिहिलं की पोटासाठी पिकवलेल्या भाताचा मिथेन आणि चैनीच्या मोटारींचा धूर एकाच तागडीत तोलणं अन्यायाचं आहे. हा युक्तिवाद आजही पक्का आहे; आणि त्याला बळ आलं ते चिखलात उभं राहून केलेल्या मोजणीमुळे.

६. तेच जीव, कामाला लावलेले

जो वायू खाचरातून सुटला की नुकसान, तोच टाकीत कोंडला की चूल पेटते. १८९७ साली मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून निघणारा वायू कामाला लावला गेला. स्वातंत्र्यानंतर जशभाई पटेल यांच्या तरंगत्या लोखंडी टोपीच्या संयंत्राला खादी ग्रामोद्योग आयोगाने गावोगाव नेलं. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास, खत आणि गोबरगॅस यांची सांगड घालायचे प्रयोग केले. पुढे १९८४ साली जमिनीखालच्या विटांच्या घुमटाचं ‘दीनबंधू’ संयंत्र आलं. आज झारापच्या भगीरथ प्रतिष्ठानाने सिंधुदुर्गात आणि इकडे कोल्हापूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी घराघरांत टाक्या बसवल्या आहेत. कित्येक ठिकाणी संडासही त्याच टाकीला जोडलेला असतो.

हिशेब सोपा आहे. दोन म्हशींचं मिळून दिवसाला ३० किलो शेण धरू. एक किलो ओल्या शेणापासून सुमारे ४० लिटर गॅस मिळतो, म्हणजे ३० किलोपासून १,२०० लिटर. त्यात साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन. एवढा गॅस सिलिंडरमधल्या अर्ध्या किलो गॅसइतकं काम करतो. म्हणजे १४.२ किलोचा एक सिलिंडर सुमारे महिनाभरात वाचतो, आणि स्लरीचं खत वेगळंच.

टाकीत काम एकट्यादुकट्याचं नसतं. काही जिवाणू शेणातला तंतुमय भाग फोडतात, काही त्याचं आम्ल करतात, काही त्या आम्लाचं हायड्रोजन आणि व्हिनेगरचं आम्ल करतात, आणि मिथेनकर्ते शेवटी येतात. ही भागीदारी किती घट्ट असते ते १९६७ साली उघड झालं. अल्कोहोलपासून मिथेन करणारा एक जीव म्हणून शास्त्रज्ञ ज्याला वर्षानुवर्षं वाढवत होते, ती प्रत्यक्षात दोघांची जोडी आहे, हे अमेरिकेत मार्विन ब्रायंट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं. एकाने टाकलेला हायड्रोजन दुसऱ्याने उचलला नाही, तर पहिल्याचंही काम अडतं.

टाकी का बिघडते हे यावरून कळतं. आम्ल करणारे तासातासाने दुणावतात, मिथेनकर्ते रेंगाळत, दिवसादिवसांनी. लग्नकार्यातलं उरलंसुरलं अन्न एकदम टाकीत ओतलं की आम्ल साचतं, मिथेनकर्ते मागे पडतात आणि शेगडी विझते. थंडीत गॅस कमी येतो तोही त्यांच्या मंदपणामुळे. फिनेलचं पाणी टाकीत गेलं तर ते मरतात. नवी टाकी सुरू करताना शेजारच्या चालू टाकीतली चार बादल्या स्लरी आणून ओततात, त्यातून हीच मंडळी आयती मिळतात.

आणि ज्यांच्याकडे टाकी नाही? खोल खड्ड्यात पावसाचं पाणी साचलेल्या उकिरड्यातून मिथेन सुटत राहतो. तेच शेण पातळ थापून वाळवलं तर सुटत नाही, कारण कोरड्या शेणात हवा खेळते. होळीच्या वेळी कोल्हापूरकर पंचगंगेच्या स्मशानभूमीला ज्या शेणी दान करतात, त्या थापल्या गेल्या तेव्हाच त्या शेणाचा मिथेन टळलेला असतो.

७. पाणी कधी सोडायचं?

मनिलाजवळच्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने एक साधा उपाय गावोगाव नेला. भोकं पाडलेली नळी खाचरात रोवायची, पाणी जमिनीखाली १५ सेंटिमीटरपर्यंत उतरू द्यायचं, मगच पुन्हा भरायचं. फुलोऱ्याच्या दिवसांत मात्र पाणी राखायचं. मिथेन बऱ्याच ठिकाणी निम्म्याच्या आसपास घटतो आणि पाणीही वाचतं.

पण ही युक्ती कालव्याच्या पाण्यावरच्या भाताची आहे. राधानगरीत जुलैच्या पावसात खाचर सुकव म्हणून कुणाला सांगणं म्हणजे त्या पावसाची ओळख नसल्याचं कबूल करणं. इथे संधी येते ती ऑगस्टच्या उघडिपीत आणि सप्टेंबरात. फुटवे फुटून झाल्यावर, पोटरी येण्याच्या आधी, बांधाचं तोंड फोडून चार-सहा दिवस पाणी मोकळं सोडलं तर तांबडी माती पुन्हा गंजते आणि मिथेनकर्ते मागे रेटले जातात. धूळवाफेच्या भाताला इथे मुळातच एक लाभ आहे: चिखलणी नाही, आणि पाणी साचून राहायला उशिरा सुरुवात होते.

चिखलात काय गाडलं जातं, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. ताजं पिंजर किंवा कच्चं शेण पाण्याखाली गेलं की मिथेन कितीतरी वाढतो. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गोबरगॅसची स्लरी घातली तर वाढ थोडी होते, कारण पचण्याजोगा भाग आधीच संपलेला असतो. महाराष्ट्रात डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री भातशेती गाजली. तिच्यातला गिरिपुष्पाचा पाला जमिनीला चांगला, पण तो जितके दिवस चिखलणीआधी उघड्यावर कुजेल तितका बरा. तिच्यातलं आणखी एक सूत्र इथे फार मोलाचं ठरतं. शेत आलटून पालटून सुकवलं की वर फेकलेल्या युरियापासून नायट्रस ऑक्साइड सुटतो, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापवणारा आहे. मिथेन वाचवायला जावं आणि हा वाढवून बसावं, असं होऊ शकतं. चारसूत्रीत युरिया-डीएपीची ब्रिकेट चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल दाबतात. खत खोल राहतं, वाहूनही जात नाही आणि उडूनही जात नाही.

भाताच्या वाणांवाणांतही फरक पडतो, कारण प्रत्येकाची मुळं वेगळा रस सोडतात आणि वेगळ्या प्रमाणात हवा खाली नेतात. राधानगरीत महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं भात संशोधन केंद्र आहे आणि ‘भोगावती’ हे सुवासिक वाण तिथलंच. वाण निवडताना उतारा, वास आणि रोगप्रतिकार पाहिला जातो. मुळाशी किती मिथेन खाल्ला जातो हेही पाहायला अशा केंद्राइतकी योग्य जागा दुसरी नाही. पुण्यात त्या दिशेने पहिलं पाऊल पडलं आहे. आघारकर संस्थेत काकडीच्या आकाराचा तो जिवाणू इंद्रायणी भाताच्या रोपांना देऊन पाहिला, तेव्हा रोपं लवकर फुलली आणि दाणाही जास्त भरला. हा जिवाणू ३७ अंशांच्या वर वाढत नाही, आणि पावसाळ्यात ढगांखालचं सह्याद्रीतलं खाचर त्या मर्यादेच्या बरंच खाली असतं.